मापनांची दीर्घस्मृती : संगणक-यंत्रणांच्या नोंदी बाह्य कोठारात ठेवण्याविषयी

संगणक-यंत्रणेवर देखरेख ठेवणे म्हणजे ठराविक अंतराने तिला काही प्रश्न विचारून त्यांची उत्तरे आकड्यांत टिपून घेणे होय. प्रोसेसर किती व्यग्र आहे, मेमरीचा किती भाग भरला आहे, आतापर्यंत किती विनंत्या आल्या, त्यांपैकी किती फसल्या, उत्तर देण्यास किती वेळ लागला, अशा स्वरूपाचे हे प्रश्न असतात. प्रत्येक नोंदीत दोनच गोष्टी असतात : एक आकडा, आणि तो ज्या क्षणी घेतला तो क्षण. अशा नोंदींची कालक्रमाने लावलेली ओळ म्हणजे एक मालिका. संख्याशास्त्रात हिलाच कालश्रेणी असे म्हणतात. मोठ्या यंत्रणेत अशा लक्षावधी मालिका एकाच वेळी चालू असतात. ह्या मालिका मूळ यंत्रणेबाहेरच्या कोठारात दीर्घकाळासाठी पाठवावयाच्या, तर त्यांतील नेमके काय टिकते आणि काय वाटेत गळून जाते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम ही उठाठेव करावयाचीच कशासाठी, ते पाहू. समजा, एखाद्या परीक्षा मंडळाचा वार्षिक निकाल दुपारी एक वाजता संकेतस्थळावर जाहीर व्हावयाचा आहे. एक वाजेपर्यंत शांतता असते. नंतरच्या काही मिनिटांत लक्षावधी विद्यार्थी व पालक एकदम दार ठोठावतात आणि सायंकाळपर्यंत पुन्हा सर्व ओसरते. यंदा किती सर्व्हर उभे करावे लागतील, हे ठरविणाऱ्याला गतवर्षीच्या त्या अर्ध्या तासाची नोंद हवी असते. सध्या मोठ्या प्रमाणावर वापरात असलेली प्रोमिथियस ही देखरेख-प्रणाली मुद्दाम वेगळे सांगितले नाही, तर आपल्या स्थानिक साठ्यात केवळ १५ दिवसांच्या नोंदी ठेवते. म्हणजे निकालाच्या दिवसाची स्मृती सोळाव्या दिवशीच पुसली जाते आणि पुढील वर्षी पुन्हा अंदाजावर भागवावे लागते.

१५ दिवसांची ही मर्यादा अडाणीपणाने घातलेली नाही. स्थानिक साठा हा पहारेकऱ्यासाठी असतो, इतिहासकारासाठी नसतो. पहारेकऱ्याला आत्ता, ह्या घटकेला काय बिघडले ते तात्काळ कळावे लागते. परवाचे त्याला क्वचितच लागते. फेसबुक कंपनीतील अभियंत्यांनी २०१५ साली आपल्या ‘गोरिला’ ह्या साठवण-प्रणालीविषयी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात असे नमूद आहे की, त्यांच्याकडे विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांपैकी किमान ८५ टक्के प्रश्न मागील २६ तासांपुरतेच असत. म्हणून तेवढा काळ त्यांनी वेगवान मेमरीत ठेवला आणि जुन्या नोंदींसाठी डिस्कवरील वेगळे कोठार राखले. उरलेले १५ टक्के प्रश्न संख्येने थोडे खरे, परंतु वर्षावर्षांची तुलना, वाढीचा अंदाज, खर्चाचे नियोजन, एखाद्या दोषाचे मूळ शोधणे, हे सर्व बहुधा त्यांच्याच वाट्याला येते. एकाच नोंदवहीचे असे दोन वाचक असून त्यांच्या गरजा परस्परविरोधी आहेत. शिवाय स्थानिक साठा एकाच यंत्राच्या डिस्कवर असतो. ते यंत्र गेले की स्मृतीही गेली.

ह्या पेचावरील जुना तोडगा मोठा सुबक होता. टोबियास ओएटिकर ह्यांनी १९९५ साली एमआरटीजी हे साधन सर्वांस उपलब्ध करून दिले व १९९९ साली त्यातील साठवणुकीचा भाग स्वतंत्र करून आरआरडीटूल निर्माण केले. ह्यातील फाइलीचा आकार ती तयार करतानाच कायमचा ठरतो. चक्राकार मांडलेल्या खणांत नोंदी क्रमाने भरत जातात आणि चक्र पुरे झाले की सर्वांत जुन्या खणावर नवी नोंद लिहिली जाते. जुने सर्वस्वी नाहीसे होऊ नये म्हणून त्याची सरासरी काढून ती अधिक विरळ अशा दुसऱ्या चक्रात ठेवतात. एमआरटीजीच्या दैनिक आलेखात पाच मिनिटांची सरासरी असे, साप्ताहिकात तीस मिनिटांची, मासिकात दोन तासांची आणि वार्षिकात संपूर्ण दिवसाची. डिस्क कधीच भरत नसे. व्यवस्थापक निश्चिंत राही. परंतु ह्या निश्चिंतीचे मोल असे की, एखादे उत्तुंग शिखर आजच्या आलेखात स्पष्ट दिसावे, पुढच्या आठवड्यात ते बुटके व्हावे आणि वर्षाअखेरीस तेथे टेकडीसुद्धा उरू नये. भूतकाळ सदैव वर्तमानापेक्षा शांत दिसे. ज्यांना ही यंत्ररचना ठाऊक नव्हती त्यांनी त्या आलेखांवरून भार वर्षानुवर्षे वाढत चालल्याचा निष्कर्ष काढला असेल, तर त्यांना फार दोष देता येणार नाही.

सरासरी काढून जागा वाचविण्याची ही सक्ती पुढे बरीच सैल झाली आणि त्याचे श्रेय संक्षेपाच्या पद्धतींस आहे. एका नोंदीतील वेळ व आकडा ह्यांना प्रत्येकी ८ असे १६ बाइट लागतात. दर १५ सेकंदांस एक ह्या हिशेबाने एका मालिकेच्या दिवसाला ५,७६० व वर्षाला २१,०२,४०० नोंदी होतात. अशा एक लाख मालिका धरल्या तर वर्षाला ३ लाख ३६ हजार कोटी बाइट, म्हणजे सुमारे ३.३६ टेराबाइट जागा लागेल. परंतु नोंदी नियमित अंतराने येत असल्यामुळे प्रत्येक वेळी पूर्ण वेळ लिहिण्याचे कारण नसते. मागील अंतरापेक्षा हे अंतर किती वेगळे, एवढेच लिहिले की पुरे, आणि तो फरक बहुधा शून्य असतो. आकड्यांचेही तसेच : मागील आकडा व हा आकडा ह्यांच्या द्विमान रूपांत जेथे भेद असेल तेवढाच भाग टिपावयाचा. गोरिलाच्या कर्त्यांना ९६ टक्के वेळा व सुमारे ५१ टक्के आकडे प्रत्येकी एका बिटात मावल्याचे आढळले, आणि १६ बाइटांची नोंद सरासरीने १.३७ बाइटांवर आली. वरील उदाहरणातील ३.३६ टेराबाइट ह्या रीतीने सुमारे २८८ गिगाबाइटांत बसतात. ह्यात एकही नोंद गाळलेली नाही, हे महत्त्वाचे. प्रोमिथियसच्या नोव्हेंबर २०१७ मधील दुसऱ्या आवृत्तीपासून तिचा स्थानिक साठाही ह्याच तत्त्वावर चालतो. तेव्हा जागेचा प्रश्न संपला नसला तरी तो आता मुख्य प्रश्न राहिलेला नाही.

प्रोमिथियसचा जन्म २०१२ साली बर्लिनमधील साउंडक्लाउड ह्या कंपनीत झाला. तिच्या कर्त्यांनी दीर्घ साठवण हे आपले काम नव्हे अशी भूमिका घेतली आणि नोंदी बाहेर पाठविण्यासाठी एक दार मात्र ठेवले. ह्या दारास ‘रिमोट राइट’, म्हणजे दूरलेखन, असे नाव आहे. त्याची रीत थोडक्यात अशी. आलेली प्रत्येक नोंद प्रथम डिस्कवरील एका पूर्वनोंदवहीत लिहिली जाते. वीज गेली तरी हातचे जाऊ नये म्हणून ही वही मुळातच ठेवलेली असते. दूरलेखन करणारा भाग तीच वही मागाहून वाचत येतो, नोंदी अनेक समांतर रांगांत वाटतो, प्रत्येक रांगेतील नोंदींचे गठ्ठे बांधतो, ते आकसून लहान करतो व साध्या एचटीटीपी विनंतीने बाह्य कोठाराकडे धाडतो. मार्च २०१९ च्या २.८ ह्या आवृत्तीपूर्वी ह्या वहीचा आधार नव्हता. नोंदी केवळ मेमरीतील रांगेत उभ्या राहत आणि रांग भरली की टाकून दिल्या जात.

पलीकडचे कोठार ‘सध्या मी अडचणीत आहे’ अशा आशयाचे उत्तर देते तेव्हा पाठविणारा थांबत थांबत पुनः पुन्हा प्रयत्न करतो. ‘तुझा गठ्ठाच सदोष आहे’ असे उत्तर आले तर मात्र तो गठ्ठा टाकून पुढे जातो, कारण सदोष गठ्ठा शंभरदा पाठविला तरी निर्दोष होत नाही. कोठार सुमारे दोन तासांपेक्षा अधिक काळ बंद राहिले तर पूर्वनोंदवहीचा जुना भाग आवरला जातो आणि त्यातील न पाठविलेल्या नोंदी बाह्य कोठारापुरत्या कायमच्या गमावल्या जातात. स्थानिक साठ्यात त्या असतात. पण पंधरा दिवसच. ही दोन तासांची मर्यादा ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण पुष्कळांची अशी समजूत असते की रांग म्हणजे अमर्याद सहनशीलता.

याहून निराळा एक मार्ग थॅनॉस ह्या प्रणालीने २०१८ साली खुला केला. प्रोमिथियस आपल्या नोंदी दर दोन तासांनी एका ठोकळ्यात बांधून डिस्कवर ठेवते. थॅनॉस हे तयार ठोकळेच उचलून स्वस्त, विस्तीर्ण अशा कोठारात नेऊन ठेवते. पहिला मार्ग टपालासारखा, तर दुसरा मालगाडीसारखा. कोणता घ्यावा हा व्यवस्थेचा प्रश्न आहे. पुढील विवेचनातील अडचणी दोन्ही मार्गांवर सारख्याच भेटतात.

पहिली अडचण नावाची आहे, आणि भाषेच्या अभ्यासकास तीच सर्वांत उद्बोधक वाटावी. आकडा स्वतः काहीच सांगत नाही. ४२ म्हणजे काय? ते बेचाळीस अंश, बेचाळीस विनंत्या की बेचाळीस टक्के, हे नावावरून कळावयाचे. २००६ साली ऑर्बिट्झ कंपनीत ख्रिस डेव्हिस ह्यांनी रचलेल्या व २००८ साली सर्वांसाठी खुल्या झालेल्या ग्राफाइट ह्या प्रणालीत नाव म्हणजे टिंबांनी जोडलेली शब्दांची साखळी असते, उदाहरणार्थ, ‘पुणे.निकाल.सर्व्हर३.विनंत्या’. ह्यातील पहिला शब्द शहर, दुसरा सेवा, तिसरा यंत्र हे कोठेही लिहिलेले नसते. ते स्थानावरून ओळखावयाचे असते. प्रोमिथियसमध्ये मापनाचे नाव ‘विनंत्या’ एवढेच राहते आणि त्याला लेबले जोडली जातात : शहर पुणे, सेवा निकाल, यंत्र सर्व्हर३. लेबलांचा क्रम कोणताही असला तरी अर्थ बदलत नाही.

हा भेद व्याकरणाच्या विद्यार्थ्यास ओळखीचा आहे. इंग्रजीत कर्ता कोण व कर्म कोणते हे मुख्यतः शब्दाच्या स्थानावरून ठरते. मराठीत ते काम प्रत्यय करतो. ‘मांजराने उंदराला धरले’ व ‘उंदराला मांजराने धरले’ ह्या दोन वाक्यांत कोणी कोणाला धरले ह्याविषयी संदेह राहत नाही. स्थानावर अवलंबून असलेल्या नावात मध्येच एक पायरी वाढविली, समजा शहराच्या आधी देश घातला, की पुढील सर्व शब्द एकेक घर सरकतात आणि जुन्या नावावर बेतलेले प्रश्न मुके होतात. लेबल वाढविले तर निदान बाकीच्या लेबलांनी विचारलेल्या प्रश्नास जुन्या व नव्या दोन्ही मालिका उत्तर देतात. अर्थात ही तुलना फार ताणू नये. व्याकरणात प्रत्यय मोजके असतात; लेबले कोणीही, कितीही निर्माण करतो आणि त्याची शिक्षा कोठारास भोगावी लागते. ५ सेवा, २० यंत्रे व ८ प्रकारची उत्तरे मिळून ८०० मालिका होतात. ह्यांत कोणी ‘विद्यार्थी’ हे लेबल घातले आणि विद्यार्थी दहा हजार असले, तर ह्याच ८०० च्या ८० लाख होतात. संक्षेपाने आकडे लहान होतात. नावांची ही गर्दी त्याने लहान होत नाही.

मालिकेची ओळख म्हणजे तिच्या नावाचा व सर्व लेबलांचा समुच्चय होय. त्यातील एक अक्षर बदलले की कोठाराच्या लेखी ती दुसरी मालिका झाली. ‘सर्व्हर३’ चे ‘सर्व्हर-३’ असे नामांतर करणाऱ्याच्या मनात इतिहास तोडण्याचा हेतू नसतो, पण इतिहास तुटतो. ह्याच्या उलट धोका बाहेर पडताना उद्भवतो. दोन शहरांतील दोन प्रोमिथियस आपापल्या घरी ‘सर्व्हर३’ हेच नाव वापरीत असतील, तर त्यांच्या नोंदी सामायिक कोठारात एकाच मालिकेत मिसळतात, किंवा परस्परविसंगत म्हणून नाकारल्या जातात. घरात हाक मारण्यास पहिले नाव पुरते. चावडीवर नोंद करावयाची तर वडिलांचे नाव व आडनावही सांगावे लागते. ह्यासाठी बाहेर जाणाऱ्या प्रत्येक नोंदीस ‘बाह्य लेबले’ जोडण्याची सोय आहे. अगदी प्राथमिक अशी ही सोय पुष्कळ ठिकाणी प्रथम विसरली जाते आणि मिसळलेल्या नोंदी पुढे विलग करता येत नाहीत.

नाव, उपकरण वा जागा बदलूनही मालिका अखंड कशी राखावी, ह्याचे उत्तम उदाहरण संगणकापूर्वीच्या काळातील असून ते मुंबईचे आहे. कुलाबा येथील वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नियमित मापने होत असत. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्या विद्युत्प्रवाहाने चुंबकीय मापने बिघडणार हे उघड होते. तेव्हा हे काम अलिबाग येथे नेण्यात आले. परंतु एक ठिकाण बंद करून दुसरे सुरू केले असे घडले नाही. १९०४ ते १९०६ ह्या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापने घेण्यात आली, जेणेकरून कुलाब्याचा आकडा व अलिबागचा आकडा ह्यांचे नाते कळावे आणि जुनी मालिका नव्या मालिकेस जोडता यावी. आज एक कोठार सोडून दुसरे घेणाऱ्या, किंवा लेबलांची पद्धत बदलणाऱ्या, कोणत्याही यंत्रणेला ह्याहून चांगली रीत सांगता येणार नाही : काही काळ दोन्हींकडे लिहावे, आणि ते दोन आकडे जुळतात की नाही हे जुने बंद करण्यापूर्वी पाहावे. दूरलेखनात एकाच वेळी अनेक ठिकाणी पाठविण्याची सोय असल्यामुळे हे आज १९०४ पेक्षा कितीतरी सोपे आहे.

कुलाब्याच्याच नोंदी दुसऱ्या अडचणीवर, म्हणजे सरासरीवर, विलक्षण प्रकाश टाकतात. सप्टेंबर १८५९ च्या आरंभी सूर्यावरील उद्रेकामुळे पृथ्वीवर जे प्रचंड चुंबकीय वादळ झाले, त्याचे मापन कुलाब्यास झाले होते. २००३ साली त्सुरुतानी, गोन्झालेझ, लाखिना व अ‍ॅलेक्स ह्या संशोधकांनी ह्या जुन्या नोंदी पुन्हा अभ्यासिल्या, तेव्हा क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्ला इतकी घट झाल्याचे त्यांना दिसले. पुढे २००६ साली सिस्को व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच नोंदींची ताशी सरासरी काढली. कारण आधुनिक काळातील वादळांची तीव्रता ज्या निर्देशांकाने मोजतात तो ताशी सरासरीवर आधारलेला असतो. ती सरासरी सुमारे ८५० आली. वादळ एक, उपकरण एक, नोंदवही एक. तरी एका वाचनात १६०० आणि दुसऱ्यात ८५०. दोन्ही आकडे खरे आहेत. एक क्षणाचा आहे, दुसरा तासाचा. इतर वादळांशी तुलना करावयाची तर दुसराच योग्य, आणि त्या क्षणी काय कोसळले असते हे जाणावयाचे तर पहिला. हा विचार करता आला तो मूळ वाचने जपून ठेवली होती म्हणूनच. पहिल्याच वर्षी कोणी काटकसर करून ताशी सरासरी तेवढी ठेवली असती, तर १६०० हा आकडा जगाला कधीच कळला नसता.

निकालाच्या दिवसाकडे परत वळले तर तोच प्रकार लहान प्रमाणात आढळतो. एका तासात १५ सेकंदांच्या २४० नोंदी होतात. त्यांपैकी केवळ ४ नोंदींत, म्हणजे एक मिनिटभर, प्रोसेसर १०० टक्के व्यग्र होता व उरलेल्या २३६ नोंदींत तो २० टक्के होता असे धरले, तर तासाची सरासरी २१.३ टक्के येते. वर्षानंतर ही सरासरी पाहणारा म्हणेल की एवढी यंत्रे कशाला, निम्मी पुरतील. त्या एका मिनिटात ज्यांना पान उघडले नाही त्यांची हकीकत सरासरीत कोठेच नाही.

थॅनॉस ह्या बाबतीत अधिक सावध आहे. ४० तासांहून जुन्या नोंदींवरून ती पाच मिनिटांची व १० दिवसांहून जुन्या नोंदींवरून एका तासाची विरळ मालिका तयार करते. परंतु प्रत्येक खणात एक सरासरी न ठेवता नोंदींची संख्या, बेरीज, किमान व कमाल असे वेगवेगळे आकडे ठेवते. कमाल राहिल्यामुळे शिखर दिसते. संख्या व बेरीज राहिल्यामुळे सरासरी हवी तेव्हा काढता येते. ह्या विरळीकरणामुळे जागा वाचते, असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः मूळ नोंदी तशाच ठेवल्या तर एकंदर जागा वाढते. ह्या पद्धतीचा हेतू वर्षभराचा आलेख चटकन काढता यावा हा आहे. मूळ नोंदी केव्हा टाकावयाच्या, हा निर्णय निराळा आणि तो माणसानेच घ्यावयाचा असतो.

सरासरीची सरासरी काढणे हा तर दोषांचा राजा म्हटला पाहिजे. एका सर्व्हरने १०० विनंत्यांना सरासरी ०.२ सेकंदांत व दुसऱ्याने ९०० विनंत्यांना सरासरी १ सेकंदात उत्तर दिले. दोन सरासऱ्यांची सरासरी ०.६ सेकंद होते. खरा हिशेब मात्र २० सेकंद अधिक ९०० सेकंद भागिले १,००० विनंत्या, म्हणजे ०.९२ सेकंद. शतमान-स्थानांची स्थिती ह्याहून वाईट आहे, कारण ‘९९ टक्के विनंत्या इतक्या वेळात संपल्या’ अशा दोन आकड्यांवरून दोहोंचे मिळून उत्तर काढण्याचा कोणताच मार्ग नाही. म्हणून दूर पाठवावयाचे ते निष्कर्ष पाठवू नयेत, ज्यांवरून निष्कर्ष निघतात ते घटक पाठवावे : संख्या, बेरीज, आणि कोणत्या वेळमर्यादेत किती विनंत्या पडल्या त्यांची गणती. ह्यांची बेरीज करता येते, आणि बेरीज करता येणे हा दीर्घायुष्याचा मोठा गुण आहे.

नोंद नसणे व नोंद शून्य असणे ह्यांतील भेदही असाच सहज हरवतो. यंत्र बंद होते, वाहिनी तुटली होती, की खरोखरीच एकही विनंती आली नाही? पाणिनीय परंपरेत लोप हे केवळ रितेपण मानले जात नाही; तेथे काहीतरी होते व ते दिसत नाही, ही वस्तुस्थिती व्याकरण जपते. प्रोमिथियसमध्ये एखादी मालिका थांबली की ती थांबल्याची एक विशेष खूण लिहिली जाते व दूरलेखनात तीही पाठविली जाते. आकडा नसल्याचे दर्शविणाऱ्या मूल्याचाच तो एक ठराविक नमुना असतो. पलीकडच्या कोठारास ही खूण कळत नसेल तर ते ती टाकून देते, किंवा रिकामी जागा शेजारच्या आकड्यांवरून भरून काढते, आणि तुटलेला काळ अखंड दिसू लागतो. गणकाची गोष्ट थोडी वेगळी. एकूण विनंत्या मोजणारा गणक केवळ वाढतो. यंत्र पुन्हा सुरू झाले की शून्यावर येतो. हा उतार म्हणजे घट नसून पुनरारंभ आहे, हे वाचणाऱ्या प्रणालीस माहीत असावे लागते, आणि त्यासाठी ही मालिका गणकाची आहे हे मुळात कोणीतरी सांगितलेले असावे लागते.

तसे सांगण्याची व्यवस्था दीर्घकाळ दुबळी राहिली. मापनाचा प्रकार, त्याचे एकक व त्याचे एका ओळीचे वर्णन ही माहिती दूरलेखनाच्या पहिल्या पद्धतीत नोंदींबरोबर जात नसे. ती अधूनमधून स्वतंत्रपणे धाडली जाई आणि अनेक कोठारे तिच्याकडे लक्ष देत नसत. वेळेच्या एककाविषयीही एकवाक्यता नाही : ग्राफाइट सेकंदांत लिहिते, प्रोमिथियस मिलिसेकंदांत, आणि इन्फ्लक्सडीबी वेगळे न सांगितल्यास नॅनोसेकंदांत. हे सर्व १ जानेवारी १९७० पासून मोजावयाचे असल्यामुळे, सेकंदांत लिहिलेला आकडा मिलिसेकंद समजून वाचला तर आजची नोंद १९७० च्या जानेवारीतच जाऊन पडते. ही चूक निदान डोळ्यांत भरते. मापनाच्या मूल्यात मिलिसेकंदांऐवजी सेकंद, किंवा बाइटांऐवजी किलोबाइट, अशी गल्लत झाली तर ती वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही. २०२४ साली दूरलेखनाची दुसरी आवृत्ती प्रायोगिक स्वरूपात आली. तीत प्रकार, एकक व वर्णन ही प्रत्येक मालिकेबरोबर जातात. परंतु पाठविणारा व घेणारा दोघांनाही ती अवगत असल्याशिवाय तिचा उपयोग होत नाही. दरम्यान प्रोमिथियसच्या नामकरण-संकेतांत असलेला नियम उपयोगी पडतो : एकक मापनाच्या नावातच, शेवटी, पूर्ण शब्दात लिहावे, सेकंद असतील तर सेकंद व बाइट असतील तर बाइट, आणि गणक असल्यास ‘टोटल’ हा शब्द त्यापुढे जोडावा. वर्णन वाटेत हरवले तरी नाव आकड्याबरोबर पलीकडे पोचतेच.